बिजलीभियाचा शनिवार

मयुरेश खोलीत आला आणि चिऊने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

आत्तापर्यंत ती खिदळत होती. टीव्हीवर तिचा लाडका हीरो बिजलीभिया पिवळा शेला उडवत गात होता. मयुरेश दारातच थांबला, मग हात धुवायचं निमित्त करून आत गेला.

चार वर्षांच्या पोरीचा तर्क सरळ होता. देवासच्या मित्रमंडळींनी काढलेल्या त्या गाण्याबजावण्याच्या वेब सीरिजमध्ये मयुरेश खलनायक होता, हसूचोर. लहान मुलांचं हसू चोरून तो मटक्यात कोंडायचा. चेहरा तर पप्पांचाच. तेव्हा पप्पांसमोर हसायचं म्हणजे हसू गमावायचं.

ते सगळं खोटं असतं, हे समजावून झालं होतं. "फिर बिजलीभिया पण झूठा?" असं विचारून ती इतकी रडली, की रात्री ताप भरला. तेव्हापासून घरात तो विषय बंद होता.

मयुरेश जळत होता, आणि ते तो स्वतःशी कबूलही करायचा.

बिजलीभियाच्या कपाळी सगळं चांगलंच लिहिलेलं. पहिल्या भागानंतर मूळचा हीरो पीथमपूरच्या कारखान्यात शिफ्टला लागला आणि बिजलीभियाच्या तोंडावर मुखवटा आला. तर मुखवट्यात तो जास्तच चालला! तो बोलायचा नाही, नुसता गायचा. चाली बांधायचा मयुरेश, शाळेतला संगीताचा मास्तर. पण गोड चाली सगळ्या बिजलीभियाला, आणि हसूचोराच्या वाट्याला खर्जातलं गुरगुरणं. एकाचं शूटिंग शनिवारी धारच्या किल्ल्यापाशी, दुसऱ्याचं रविवारी देवासला टेकडीखाली. अंबरीश, त्यांचा दिग्दर्शक, दोन्ही जोडून मारामारी उभी करायचा.

पडद्यावरचं मयुरेशने गिळलंही असतं. पण एका शनिवारी बिजलीभिया धारहून तसाच, पोशाखासकट, त्यांच्या दारात आला. चिऊने धावत जाऊन त्याच्या गळ्याला मिठी मारली. मग दर शनिवारी तो येऊ लागला. चिऊ त्याच्या हातून दोन पोळ्या जेवायची. पप्पांच्या हातून घास घ्यायची नाही.

त्याच्या बायकोचं, नीतूचंही तेच. बिजलीभियाचा शेला ती हाताने धुवायची, सावलीत वाळत घालायची. हसूचोराचा काळा कोट मशीनमध्ये जायचा.

शेवटी शेजारच्या मालनकाकूंनी त्याला जिन्यात गाठलं.

"मयुरेशभिया, मला मेलीला काय करायचंय. पण तुम्ही नसताना तो पिवळा माणूस येतो हो. दरवाजा लगेच बंद! आतून गाणी, हसणं. नीतूपण हसते."

"ठाऊक आहे काकू."

"ठाऊक आहे?" काकूंचा आ वासलेलाच राहिला.

त्या दिवशी त्याने अंबरीशला फोन लावला. "बिजलीभियाला संपव."

"भिया, तेरे को हुआ क्या है? व्ह्यूज त्याच्यामुळे येतात."

"माझ्या घरात तो माझ्या जागी बसलाय."

"देख ले. सगळ्यात जास्त चुटपुट तुलाच लागेल."

"लागू दे."

ठरलं. शेवटच्या भागात बिजलीभिया निरोपाचं गाणं म्हणून निघून जाणार. चालही मयुरेशनेच बांधली, एका बैठकीत.

शनिवारी सकाळी निघताना त्याने नीतूला सांगितलं, "आज शेवटचं. यापुढे तो ह्या घरात येणार नाही."

कणकेतला तिचा हात थांबला. "आणि चिऊला कोण सांगणार?"

"त्यानेच सांगावं."

"त्यापेक्षा तिला एकदा सगळं खरं सांगून टाकू या ना."

"नको. तिला सोसायचं नाही."

"तो आला की ती किती हसते, ते..."

"तेच तर सलतं मला," मयुरेश म्हणाला. "माझ्या पोरीचं हसू आहे ते. मला परत हवंय."

नीतू मान खाली घालून कणीक तिंबत राहिली. चिऊ दाराआडून बघत होती. त्याने हात हलवला, तर तिने तोंडावर हात ठेवला. तो जिना उतरला.

संध्याकाळी साडेसहाला बिजलीभिया आला. मालनकाकूंचा पडदा हलला, दार लागलं.

चिऊ उडी मारून त्याच्या मांडीवर चढली. त्याने गुदगुल्या केल्या, तर ती दाढा दिसेपर्यंत हसली, श्वास लागेपर्यंत हसली. नीतू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बिजलीभियाने घसा साफ केला आणि निरोपाच्या गाण्याची पहिली ओळ धरली.

"थांब ना," चिऊ म्हणाली. "पहिले माझं ऐक."

तिने त्याचा कान ओढून तोंडाजवळ घेतला. कुजबुजली खरी, पण खोलीभर ऐकू गेलं.

"माझ्या पप्पांना भगा दे. बहुत दूर. मग तू इथेच राह. रोज."

"चिऊ!" नीतू पुढे आली. "असं नाही बोलायचं, बेटा. हे बघ, हे तर..."

बिजलीभियाने हात वर करून तिला थांबवलं.

"प्रॉमिस?" चिऊने करंगळी पुढे केली.

त्याने तिच्या करंगळीत आपली करंगळी अडकवली. मग मुखवट्याच्या आत मयुरेशने सूर लावला, आणि तिच्या पप्पांना लांब घालवून देण्याचं वचन तिला गाऊन दिलं.