आधी तुम्ही फुंका

"फुंका आजोबा, फुंका, फुंका... अजून! थांबायचं नाही!" डॉक्टरीणबाई म्हणत होत्या.

हवालदारांनी होता नव्हता तेवढा दम नळीत ओतला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पडद्यावरची रेघ जेमतेम वर चढली आणि लगेच खाली आली.

खरं तर तपासणी त्यांची नव्हतीच. पंधरा दिवस बायको खोकत होती. सकाळी खोकला, जेवताना खोकला, हवालदार बोलायला लागले की हमखास खोकला. शेवटी त्यांनीच तिला छातीच्या डॉक्टरांकडे आणलं. छातीतला दम मोजायचं यंत्र बघून मात्र ती बिचकली. "आधी यांना फुंकू दे. कसं करायचं ते बघते, मग मी," म्हणाली. हवालदार हसत खुर्चीत बसले. चौतीस वर्षं चौकात शिट्टी फुंकलेला माणूस; त्याला नळीचं काय कौतुक? निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, तरी रोज संध्याकाळी पाच ते सात ते त्याच चौकात उभे राहत. सिग्नल बंद पडला की गाडीवाले अजूनही त्यांच्याच हाताकडे बघत.

मग बायकोने फुंकलं. रेघ सरळ वर गेली.

डॉक्टरीणबाई त्यांच्या मुलीपेक्षाही लहान होत्या. त्यांनी दोघांच्या रेघांचे कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले आणि खुर्ची हवालदारांकडे वळवली.

"जिना चढताना दम लागतो?"

"छे!"

"दर मजल्यावर थांबतात," बायको म्हणाली. "शेजाऱ्यांच्या दारावरच्या पाट्या वाचत उभे राहतात. वीस वर्षं तीच नावं आहेत."

हवालदार गोरेमोरे झाले. "अहो, पण आमच्या वेळी काळाकुट्ट धूर असायचा. घरी जाऊन नाक पुसलं की रुमाल काळा! तेव्हा काही झालं नाही, आणि आता होणार?"

"तेव्हा तुम्ही तिशीत होता," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "तरुण छाती धूर बराचसा बाहेर टाकते, झालेली इजा भरून काढते. सत्तरीत ही डागडुजी मंदावते. मग थोडा धूरही जड जातो. फुफ्फुसांना जातो, हृदयालाही जातो."

हवालदारांनी स्वतःचा कागद उचलून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे आता घरात बसू?"

"मुळीच नाही. भरपूर चाला. फक्त गर्दीच्या वेळी मोठ्या रस्त्यावर नको. आणि हे औषध रोज दोनदा तोंडाने श्वासाबरोबर आत ओढायचं."

दोघं बाहेर आली तेव्हा पाच वाजत आले होते. चौक हाकेच्या अंतरावर होता. सिग्नल बंद होता, भोंग्यांचा नुसता कल्ला चालला होता. हवालदारांचा उजवा हात आपोआप वर गेला. मधोमध एक तरुण पोलीस मुलगी उभी होती. एका हाताने ट्रक थोपवून तिने दुसऱ्या हाताने शाळेची बस सोडली. ते क्षणभर बघत राहिले.

"बरं करते पोरगी," ते पुटपुटले. हात खाली घेतला आणि मागच्या गल्लीत वळले.

गल्ली शांत होती. बायको शेजारून चालत होती. त्यांनीही घाई केली नाही. दम लागला तिथे उघडपणे थांबले, पुन्हा निघाले. अर्धी गल्ली संपली आणि त्यांनी एकदम कपाळाला हात लावला.

"अगं, आपण तुझ्या खोकल्यासाठी आलो होतो! डॉक्टरांना विचारायचं राहूनच गेलं. चल, मागे फिर."

तिने त्यांची बाही धरली.

"राहू द्या, घरी चला. पंधरा दिवस खोटं खोटं खोकून घसा दुखायला लागलाय माझा."