न्यायला ये

कर्नाळ्याच्या पायथ्याचं मुलांचं उन्हाळी शिबिर बंद होऊ नये म्हणून आम्ही जुने शिबिरार्थी पनवेलमध्ये दारोदार सह्या आणि आठवणी गोळा करत होतो. आमच्या तंबूतल्या परेशच्या आईने गॅसच्या पुस्तकातून पोस्टकार्ड काढलं. शिबिराच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने घरी पत्र लिहायचं, असा नियमच होता. परेशने लिहिलं होतं, “आई, इथे करमत नाही. न्यायला ये.” माझ्यासोबत आलेली स्नेहल हसली. “काकू, हे दाखवलं तर शिबिर आजच बंद करतील!” “गेले होते ना,” काकू म्हणाल्या, “पत्र मिळताच एसटी पकडली. हा मजेत लगोरी खेळत होता. मलाच म्हणाला, ‘कशाला आलीस?’” त्यांनी आमच्या कागदावर ठसठशीत सही केली. “परेश आता कुठे असतो?” मी विचारलं. “पुण्यात. दोन तासांवर.” कार्ड पुस्तकात ठेवताना त्या म्हणाल्या, “ये म्हणाला ते तेवढं एकदाच.”