पांडाचं पोट

विसरलेला डबा द्यायला ती प्राणिसंग्रहालयात आली, तेव्हा पांडा सांभाळणारा तिचा नवरा लोकांना माहिती देत होता. "पोट याचं मांसाहारी प्राण्याचं. बांबू धड पचत नाही, म्हणून बिचारा दिवसभर चघळत बसतो."

"मग मांस का नाही खात?" तिनेच विचारलं.

"चवच कळत नाही त्याला मांसाची."

तिला हसू आलं. 'आमच्यात चालत नाही,' एवढं तो लग्नाआधी म्हणाला आणि तिने मासे सोडले होते.

डबा ठेवायला ती कामगारांच्या खोलीत गेली. "या वहिनी," त्याचा जोडीदार म्हणाला. "त्याच्या वाटणीचे मासे झाकून ठेवलेत. एक दिवस चुकवत नाही पठ्ठ्या!"

नवरा आत आला, तेव्हा ती शेवटचा तुकडा खात होती.

"डब्यात पालेभाजी आहे," मान वर न करता ती म्हणाली. "बसा दिवसभर चघळत."