उत्तम सोंग
केसांतले गुलाबी रोलर तसेच ठेवून योकायराने वर्गमैत्रीण पाओलाच्या वाढदिवसासाठी तिच्या बंगल्याची घंटा वाजवली. सांतो दोमिंगोच्या दमट हवेत रोलरवर ताणून सरळ केलेले कुरळे केस टिकत नाहीत, म्हणून तिच्या वस्तीतल्या बायका रोलर ऐन वेळीच सोडतात. तीही आत जाऊन सोडणार होती. अंगात आईचा ठेवणीतला पिवळा झगा होता.

दार उघडताच टाळ्या कडाडल्या. “कमाल केलीस गं! हुबेहूब झोपडपट्टीवाली!” पाओला किंचाळली.

योकायरा गोंधळली. कॉलेजातली ही ‘पोपी’ मंडळी, म्हणजे बड्या बापांची लाडावलेली पोरं, आज फाटक्या बनियनांत कशी? मग भिंतीवरची पाटी दिसली: ‘वाढदिवस, वस्ती स्टाइल’. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती कुठे राहते, हेही कुणी कधी विचारलं नव्हतं. रोलर सोडावेत की राहू द्यावेत हे ठरायच्या आत त्यांच्यावर मुकुट चढला. उत्तम सोंगाचं पहिलं बक्षीस!

संध्याकाळी आई दारातच उभी होती. मुकुट पाहून हरखलीच. “म्हटलं नव्हतं, माझा झगा त्यांच्यात उठून दिसेल?”

हसावं की रडावं, योकायराला कळेना. तिने मुकुट काढला आणि आईच्या रोलर लावलेल्या डोक्यावर ठेवला.