आईचे हात

युद्धाच्या तंबूत बाकीचे सर्जन जखमी हात सरळ कापून मोकळे होत, तेव्हा आईने फाटलेल्या रक्तवाहिन्या शिवून हात वाचवायला सुरुवात केली. तिचे वरिष्ठ मागून ओरडायचे, "बाई, भरतकाम पुरे! हात काढून टाका आणि पुढचा पेशंट घ्या." आई मान वर न करता म्हणायची, "एवढा टाका होऊ द्या, सर." पुढे तेच भरतकाम जगभर शिकवलं जाऊ लागलं, आणि ते तिला आपणच शिकवलं असं सर भाषणांतून सांगू लागले.

आई गेल्यावर हॉस्पिटलने तिचा पुतळा उभारायचं ठरवलं. नव्वदीतले सर ओघानेच समितीचे अध्यक्ष झाले. लेकीने त्यांच्याकडे एकच मागणं मागितलं, "चेहरा थोडा इकडचा तिकडे झाला तरी चालेल, सर. आईचे हात तेवढे नीट येऊ देत."

"अगं, हात म्हणजेच तर ती!" सर म्हणाले.

अनावरणाला सरांनी दोरी ओढली, पडदा सरकला, टाळ्या झाल्या. जिन्याच्या वळणावर आई हुबेहूब होती, नाकावर घसरलेल्या चष्म्यासकट. फक्त दोन्ही हात खांद्यापासून नव्हते.

"मध्ये यायचे गं, स्ट्रेचर वळेना," सर म्हणाले. "शेवटी काढून टाकले. बाकी कशी वाटते?"



"आई असती ना सर, तर एका नजरेत ओळखलं असतं तिने, की हा पेशंट तुमच्या टेबलावरून आलाय."