याला काई व्हत न्हाई

गुडगुड आली ती थेट पायाखालून, भरलेला ट्रक अंगणाखालून जावा तशी. समोरच्या उकंडरावांच्या ओट्यावर बसलेल्या प्रमोदचं वाक्य तोंडातच राहिलं. वाक्य लॅपटॉपचंच होतं, दुसरं काय असणार! उकंडरावांना नातवासाठी एक घ्यायचा होता. त्यांनी विचारायचाच अवकाश, प्रमोद सुरू झाला होता. कॉलेजात घेतलेला लॅपटॉप. वारंगा फाट्यावरचं ऑनलाइन फॉर्मचं दुकान अजून त्याच्यावरच चाललेलं. मोटारसायकलवरून पडला, चहा सांडला, बदलली ती फक्त बॅटरी. "याला काई व्हत न्हाई, काका," असं तो म्हणत होता, तेवढ्यात जमीन हलली.

गल्लीतली माणसं भराभर बाहेर आली. इकडं हे नेहमीचंच. पण नेहमीचं म्हणून भीती काही कमी होत नाही. या खेपेला हादरा मोठा होता. समोर प्रमोदच्या घराचे पत्रे थरथरले. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड घरंगळले आणि मधल्या खोलीचं छप्पर भिंतीच्या विटांसकट आत बसलं. धुळीचा लोट उठला. लाइट गेली.

बायको निता शेतात होती. पण लेक राणी घरात होती, मधल्या खोलीत. तिला लॅपटॉपवर शाळेच्या धड्याचा व्हिडिओ लावून देऊनच तो इकडं आला होता.

त्यानं हाका मारल्या. उत्तर आलं ते धड्यातल्या बाईंचं. ढिगाऱ्याखालून बाई शांतपणे सांगत होत्या, की वनस्पती सूर्यप्रकाशात आपलं अन्न तयार करतात. लॅपटॉप चालू होता. म्हणजे लेकरूही तिथंच होतं.

प्रमोदला आपलंच बोलणं आठवलं. मागं एकदा जमीन हलली तेव्हा राणी रिकाम्या हातानं बाहेर पळाली होती, आणि त्यानं चारचौघांत तिला फैलावर घेतलं होतं. पुन्हा गुडगुड आली की आधी लॅपटॉप उचलायचा, मग पळायचं, आपलं पोट आहे त्याच्यावर, असं बजावलं होतं. पोर मान खाली घालून व्हय म्हणाली होती. ते व्हय आता त्याच्या कानात घुमायला लागलं. तिनं ऐकलं असेल. एवढीशी पोर, बापाचं ऐकणारच. वायर काढत बसली असेल, बॅग शोधत बसली असेल, आणि वरून तो दगड.

पुढचा विचार करायची त्याची छाती झाली नाही. भिंत अजून लोंबतीय, जरा थांब, असं उकंडराव मागून सांगत होते. तो पत्र्याखाली घुसला. हाताला येईल ती वीट मागं फेकू लागला. नखं फुटली तरी त्याला कळलं नाही. बाईंचं मात्र चालूच होतं, पानं, मुळं, खोड. ज्याचं इतकी वर्षं कौतुक केलं त्याचाच त्याला संताप आला. बंद पड रे बाबा एकदाचा, लेकराचा आवाज तरी ऐकू येऊ दे, असं तो पुटपुटत राहिला.

शेवटी लॅपटॉपच हाती लागला. एक कोपरा चेपलेला, पडदा लख्ख. त्यानं तो बघितलासुद्धा नाही, बाहेर दगडांवर भिरकावून दिला. खाली मोडलेली खुर्ची होती, आणि विटांत अडकलेली राणीची निळी रिबीन. ती मुठीत धरून प्रमोद खाली बसला आणि ढसाढसा रडला.

उकंडरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ते बाहेर कडब्याच्या गंजीकडं बोट दाखवत होते. गंजीआडून राणी बघत होती. केस सुटलेले, बाकी अंगावर साधा ओरखडा नाही. मागच्या दारानं पळून ती पहिल्यापासून तिथंच लपली होती, हाका ऐकूनही भीतीनं पुढं आली नव्हती, आणि बापाचं ते उकरणं तिनं सगळं पाहिलं होतं.

प्रमोद हात पसरून धावला. ती मागं सरली, पाठ कडब्याला टेकेपर्यंत.

"म्या तशीच पळाले, पप्पा," ती कापऱ्या आवाजात म्हणाली. "पण तुमी रडू नका. त्याला काई झालं न्हाई. चालूच हाय तो."