इंदूबाईंची शुगर

विमा कंपनीनं इंदूबाईंचा क्लेम नाकारला. पत्रात लिहिलं होतं, मृत महिलेनं अर्ज भरताना मधुमेह लपवला. मेलेल्या बायकोला कोणी खोटारडी म्हणावं, हे पुंडलिकरावांना सहन झालं नाही. ते तडक आर्णीला एजंट कपिलच्या दुकानात गेले.

"फॉर्म तर तूच भरला होता. आजारापुढं 'नाही' कायले लिहिलं?"

कपिल तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत राहिला. "काकूनं सांगतलंच नाही, काकाजी. त्यायले शुगर आहे, हे मले कसं माहीत राहीन? लोकं लपवतात अन् बदनाम आम्ही होतो."

पुंडलिकरावांनी थैलीतले मधुमेहाच्या चूर्णाचे रिकामे डबे त्याच्या टेबलावर ओतले. पॉलिसीच्या आधी दोन वर्षं, दर महिन्याला, ते इंदूबाईंना विकणारा कपिलच होता.